किती फूट मिळणार हे विचारलं. हवा किती मिळणार हे कोण विचारणार?

मोहल्ल्यात पुनर्विकासाची बैठक लागली की पहिला सवाल ठरलेला असतो : किती फूट मिळणार? दुसरा सवाल, भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार? तिसरा, दुकान तळमजल्यावरच राहणार की वर ढकलणार? हे तिन्ही सवाल रास्त आहेत. ज्याच्या घरातली आठ माणसं एका खोलीत पाळीपाळीने झोपतात, त्याने फुटांचा हिशेब करायचा नाही तर कुणी करायचा?

पण एक सवाल क्वचितच कुणी विचारतं. आमच्या खिडकीसमोरची इमारत किती अंतरावर येणार? जिन्यात उजेड कुठून येणार? मुलं खेळणार कुठे? आग लागली तर बंब आत कसा वळणार? या सवालांची उत्तरं बिल्डरच्या रंगीत पत्रकात नसतात. ती असतात महापालिकेच्या, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, म्हाडाच्या नियमावलीत. आणि ती नियमावली आपल्यापैकी फार कमी जण वाचतात.

शहरी रचनेचा दर्जा म्हटलं की लोकांना काचेची इमारत, कारंजं, रंगीत फरशी आठवते. ती सजावट झाली. दर्जा म्हणजे दोन इमारतींतलं अंतर, रस्त्याची रुंदी, खिडकीचं माप, गच्चीपर्यंतची वाट, अंगणाची जागा. यातली एकही गोष्ट घर ताब्यात आल्यावर बदलता येत नाही. टाइल्स नंतर लावता येतात, पण इमारत तीन मीटर मागे सरकवता येत नाही. म्हणून हा विषय फक्त आर्किटेक्टचा नाही, राहणाऱ्यांचा आहे.

नियम आला तो साथीमुळे

मुंबईत हा विचार नवा नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. मांडवीच्या गोदामांपासून ती दाट वस्त्यांत पसरली. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत माणसं मरत होती. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आजचा मोहम्मद अली रोड, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते याच ट्रस्टने दाट वस्तीतून काढले. समुद्राची हवा शहराच्या आत पोहोचावी हा त्यामागचा एक हेतू होता.

ट्रस्टने एक नियम लावला, तो आजही समजून घेण्यासारखा आहे. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढायची. ती रेघ जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. दहावीच्या मुलांना मी हे त्रिकोणमितीत समजावतो. ६३.५ अंशांचा टॅन्जंट जवळपास २ येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं हवं. इमारत २० मीटर उंच असेल तर १० मीटर मोकळी जागा. हिशेब इतका सोपा, की गल्लीतला कुणीही उभ्या उभ्या करू शकेल. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या नियमाचा जोरदार पुरस्कार केला होता.

त्याच काळात, १८९६ मध्ये, हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, सरकारने आणखी एक नियम केला : रस्त्याला लागून बांधणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्यावर कमानींची ओवरी ठेवायची, जिच्यातून पायी चालणारा ऊन-पावसात आडोशाने जाईल. मालक वेगळे, आर्किटेक्ट वेगळे, इमारतींची शैली वेगळी. पण चालणाऱ्याला सलग सावली मिळाली आणि रस्त्याला एक चेहरा आला. सव्वाशे वर्षांनंतरही फोर्टमध्ये माणसं त्या ओवरीतून चालतात, तिथेच पुस्तकं आणि घड्याळं विकली जातात.

ट्रस्टचं कौतुक करताना एक गोष्ट लपवता येणार नाही. त्याने गरिबांची घरं जितकी पाडली तितकी बांधली नाहीत. रस्ता रुंद झाला, पण त्या जागेवरचे लोक शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहायला गेले. नियम चांगला असून भागत नाही, तो कुणाच्या खात्यातून वसूल होतो हेही पाहावं लागतं.

एक आकडा शहर घडवू लागला

१९६४ मध्ये मुंबईत एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक आला. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते सांगणारा हा आकडा. पुढे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, ज्याला आपण एमआरटीपी म्हणतो, तो आला. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली. आणि हळूहळू सगळी चर्चा या एका आकड्याभोवती फिरू लागली. सरकारला काही हवं असलं, जुन्या चाळींची दुरुस्ती, झोपड्यांचं पुनर्वसन, वाहनतळ, तर त्याने पैसे द्यायच्या ऐवजी एफएसआय द्यायचा. बिल्डरने ते बांधून विकायचं आणि त्यातून मोफत घरांचा खर्च काढायचा.

एफएसआय किती बांधायचं ते सांगतो. कसं बांधायचं ते सांगत नाही. आणि जिथे काही गोष्टी एफएसआयमधून वगळल्या जातात, तिथे त्याच गोष्टी भरमसाट वाढतात. एक उदाहरण घ्या. मुंबईत एके काळी प्रत्येक नव्या इमारतीला खिडकीखाली फ्लॉवर बेड असायचे. मुंबईकरांना अचानक फुलांचा शौक लागला नव्हता. फ्लॉवर बेड मोजणीत धरला जात नव्हता, म्हणून बिल्डर तो बांधायचा, विकायचा आणि घर घेणारा तो आत ओढून खोली मोठी करायचा. जानेवारी २०१२ मध्ये तेव्हाचे पालिका आयुक्त सुबोध कुमार यांच्या काळात नियम बदलला. अशा बहुतेक वगळलेल्या गोष्टी मोजणीत आल्या आणि त्या बदल्यात प्रीमियम भरून निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत जादा, फंजिबल एफएसआय मिळू लागला. फ्लॉवर बेडची फॅशन ओसरली.

वाहनतळाचंही तसंच. पार्किंगचे मजले मोजणीबाहेर राहिले, म्हणून अनेक इमारती पाच-सहा मजल्यांच्या पार्किंगवर उभ्या राहिल्या. रस्त्यावरून चालणाऱ्याला दुकान नाही, ओटा नाही, खिडकी नाही; फक्त जाळीची भिंत दिसते. ज्या गल्लीत संध्याकाळी खिडक्यांतून रस्त्यावर नजर असायची, तिथे आता कॅमेरा आहे. हे कुणी आर्किटेक्टने ठरवलं नाही. ते नियमावलीतल्या एका वाक्याने ठरवलं.

गोवंडीत काय झालं

हा प्रश्न दिसण्यापुरता असता तर या पानावर लिहायची गरज नव्हती. गोवंडीकडे बघा. नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंड या वसाहती रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधल्या गेल्या. नटवर पारेखमध्ये सुमारे ५ हेक्टरांत सात मजली जवळपास ६० इमारती आहेत. काही ठिकाणी दोन इमारतींत अंतर ३ मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने या वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये समोर आला. त्यात नटवर पारेख, लल्लूभाई आणि तुलनेने मोकळी पीएमजी कॉलनी अशा तीन वसाहती पाहिल्या गेल्या. दाट बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण पीएमजी कॉलनीपेक्षा खूप जास्त आढळलं, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि हवा पोहोचत नाही, तिथे ते अधिक होतं. क्षयाला गरिबी, कुपोषण, दाटी अशी अनेक कारणं असतात. पण तिथे राहणारी माणसं साधारण एकाच स्तरातली असताना इमारतींच्या मांडणीने इतका फरक पडत असेल, तर नकाशा मंजूर करणाऱ्याची जबाबदारी आरोग्य खात्याइतकीच आहे.

आता मघाचा हिशेब लावा. सात मजली इमारत साधारण २१ मीटर उंच. ट्रस्टच्या नियमाने १० मीटर अंतर हवं. मिळालं ३ मीटर. तळमजल्याच्या खिडकीतून समोरच्या माथ्यापर्यंतचा कोन ८० अंशांच्या पुढे जातो. प्लेगनंतर इंग्रजांच्या काळात जे अंतर आवश्यक मानलं गेलं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात आपण स्वतंत्र भारतात माणसं बसवली.

हे कुणाच्या चोरीने झालं असं समजू नका. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत मोकळ्या जागेबाबत खास सवलती दिलेल्या आहेत, कारण तशाशिवाय योजना परवडत नाही असं मानलं गेलं. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. मोफत घराचं माप सुरुवातीला २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, २०३४ च्या नियमावलीत ३०० झालं. ही सुधारणा खरी आहे. पण त्याच नियमावलीत हेक्टरी किमान घरांची संख्या ५०० वरून ६५० झाली. लक्षात घ्या, किमान. कमाल नव्हे. म्हणजे याहून कमी दाटीने बांधायचं नाही, याहून जास्त बांधलं तर चालेल. घराचं माप वाढलं, घरांची दाटीही वाढली, आणि दोन्ही एकाच जमिनीवर. मग ही जागा कुठून आली? उंचीतून आणि अंतरातून.

आमच्या शाळेत एकदा आठवीच्या मुलांना मी 'माझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं' असं चित्र काढायला सांगितलं. अर्ध्याअधिक मुलांनी पाइप आणि समोरच्या घराची भिंत काढली. एका मुलीने खिडकीला पडदा काढला आणि म्हणाली, "सर, अम्मी उघडू देत नाही, समोरच्यांना सगळं दिसतं." हवा, उजेड आणि पर्दा, हे तिन्ही एकाच अंतराने ठरतात. ते अंतर नसलं की बाईमाणसाला खिडकी बंद करून घ्यावी लागते.

भेंडी बाजार आणि सुटा भूखंड

नियमाने चांगलंही घडू शकतं. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास ३३(७) या तरतुदीखाली एकेका भूखंडावर व्हायचा. डोंगरी, नागपाडा, मदनपुऱ्यात असे अरुंद, पेन्सिलसारखे टॉवर दिसतात. भूखंड लहान, रस्ता तोच जुना, पण माणसं आणि गाड्या कितीतरी पट. इमारत नवी झाली, मोहल्ला तसाच राहिला, गटारावर भार मात्र वाढला.

२००९ मध्ये ३३(९) खाली समूह पुनर्विकासाचे नियम बदलले. किमान ४,००० चौरस मीटर जागा एकत्र करा, ४ एफएसआय घ्या, आणि रस्ते, मोकळी जागा, सोयी एकत्र आखा. याच वर्षी सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि भेंडी बाजारातला सुमारे १६.५ एकरांचा, जवळपास २५० इमारतींचा, ३,२०० कुटुंबांचा आणि १,२५० दुकानांचा प्रकल्प हाती घेतला गेला. यावर टीकाही झाली आहे : उंच टॉवरांनी बाजाराचा जुना बाज हरवतो, विक्रीच्या इमारती आणि रहिवाशांच्या इमारती वेगळ्या पडतात. ती टीका ऐकण्यासारखी आहे. पण सुट्या भूखंडांवर रस्ता रुंद करणं शक्यच नव्हतं, समूहाने ते शक्य झालं, हेही मान्य करावं लागेल.

उशिराची किंमतही याच परिसराने मोजली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. ही इमारत याच प्रकल्पात पाडली जाणार होती. चांगल्या रचनेची वाट पाहताना धोकादायक इमारतीत माणसं राहू देणं, हा पर्यायच असू शकत नाही. प्राधिकरणाचं काम नकाशा तपासण्यापुरतं नाही, नकाशा आणि चावी यांच्यामधल्या वर्षांचीही जबाबदारी त्याच्यावर आहे.

जिथे नियम पोहोचलाच नाही

मुंबईबाहेर चित्र वेगळं आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्यावर लकी कंपाऊंडमधली बेकायदा इमारत पडली, ७४ लोक मेले. २१ सप्टेंबर २०२० ला भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमध्ये जिलानी इमारत पडली, अनेक लोक गेले. इथे रचनेच्या दर्जाची गोष्ट करणं काहींना चैन वाटेल. पण दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. ज्या वस्त्यांत कायदेशीर, परवडणारं घर मिळत नाही, तिथे लोक बेकायदा घर घेतात. आणि जिथे मंजूर नकाशाच नाही, तिथे अंतर, जिना, खांब यांबद्दल बोलायला कुणीच नसतं.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू होणारी एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, आली. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा यांना आता हीच लागू. एकच पुस्तक असल्याचा फायदा हा की कुणीही ते उघडून पाहू शकतो. पण मालेगावात खाली यंत्रमाग आणि वर घर असतं. घर, कारखाना आणि दुकान एकाच भिंतीत असलेल्या वस्तीला निवासी कॉलनीचा साचा तंतोतंत बसत नाही. तिथल्या लोकांनी आपली गरज स्वतः मांडली नाही, तर नियम कागदावर राहील आणि बांधकाम आपल्या वाटेने जाईल.

तपासतं कोण?

दिल्लीत १९७३ च्या कायद्याने स्थापन झालेला अर्बन आर्ट कमिशन आहे, जो मोठ्या प्रकल्पांच्या रचनेवर सल्ला देतो. मुंबईत १९९५ च्या नियमांनी वारसा समिती आली, पण तिचा अधिकार वारसा इमारती आणि परिसरांपुरता. फोर्टमधल्या कमानीला हात लावायचा तर समिती विचारते. गोवंडीतल्या खिडकीबद्दल असं विचारणारी समिती नाही. आणि मुंबईत नियोजन प्राधिकरण एक नाही : महापालिका, एमएमआरडीए, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, २०१८ पासून आपल्या वसाहतींसाठी म्हाडा. धारावीचा आराखडा २०२५ मध्ये राज्य सरकारने मंजूर केला, तिथे तर खास प्राधिकरण आहे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे मंजुरी देणारे असू शकतात.

त्यात आणखी एक रीत आहे. मोकळी जागा कमी पडत असेल तर आयुक्तांच्या अधिकारात, प्रीमियम भरून, ती कमतरता माफ होते. अडचणीच्या भूखंडासाठी ही सोय ठेवली होती. ती नेहमीची वाट झाली. प्रीमियम प्राधिकरणाच्या तिजोरीत जातो, अंधार तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या वाट्याला येतो.

बिल्डर म्हणतील, अंतर वाढवलं तर घरं कमी होतील, योजना परवडणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नये. जमिनीच्या किमती आणि मोफत घरांचा बोजा विक्रीच्या फ्लॅटवर टाकला की कुठेतरी काटछाट होणारच. माझं म्हणणं इतकंच आहे की काटछाट कुठे करायची याची एक हद्द हवी. विक्रीचा नफा, प्रीमियम, पार्किंगचे मजले, सरकारचा वाटा, यांत घासाघीस होऊ द्या. घरात पोहोचणारा उजेड आणि बंब फिरण्याची जागा या गोष्टी पैशाने माफ होता कामा नयेत, पुनर्वसनाच्या इमारतीत तर मुळीच नाही. विक्रीच्या टॉवरला जे अंतर लागतं, तेच मोफत घराच्या इमारतीला लागावं. गरिबाची फुफ्फुसं काही वेगळी नसतात.

आपण काय करू शकतो

एमआरटीपी कायद्यात विकास आराखडा असो की नियमावलीतला बदल, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. हा दिखावा नाही. २०१५ मध्ये मुंबईचा पहिला मसुदा आराखडा चुकांनी भरलेला निघाला, लोकांनी हजारो हरकती घेतल्या, आणि सरकारला तो मागे घेऊन दुरुस्त करायला लावावा लागला. मग २०१८ मध्ये नवा आराखडा मंजूर झाला. तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतल्या हरकती मुख्यतः मस्जिद, कब्रस्तान आणि शाळांच्या नोंदींबद्दल होत्या. त्या हव्यातच. पण इमारतींतल्या अंतराबद्दल, मैदानाबद्दल, दवाखान्याच्या जागेबद्दल आपण किती लिहिलं?

पुढच्या बैठकीत फुटांचा सवाल विचाराच. त्याच्या जोडीला संपूर्ण लेआउटचा नकाशा मागा, फक्त आपल्या खोलीचा नको. त्यात आपल्या इमारतीपासून शेजारच्या इमारतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहून घ्या, आणि पुढे उंची वाढवली तर हे अंतर वाढेल का ते विचारा. मोकळ्या जागेची कमतरता प्रीमियम भरून माफ करून घेतली आहे का, तेही लेखी विचारा. नाही सांगितलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. मोकळं मैदान जमिनीवर आहे की पार्किंगच्या गच्चीवर, हे पाहा. संमतीपत्रावर सही या उत्तरांनंतर करा, आधी नको. निम्म्याहून अधिक सह्या झाल्या की बाकीच्यांचं म्हणणं कमकुवत होतं.

आपल्या वस्त्यांत इंजिनियर झालेली, आर्किटेक्चर शिकणारी मुलंमुली आता आहेत. जुम्याच्या नमाजनंतर मदतकेंद्रावर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो, तसं महिन्यातून एकदा नकाशा वाचून दाखवणारं टेबल का नसावं? नियमावली जाहीर आहे. तिचा उर्दूत सोप्या शब्दांत सारांश करणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे, आणि ते आम्हाला जमण्यासारखं आहे.

६३.५ अंश मोजायला इंजिनियर लागत नाही. एक कंपास, एक रेघ आणि खिडकीजवळ उभं राहायची तयारी पुरते. मंजुरीचा शिक्का बसण्याआधी हे मोजलं, तर पुढची पन्नास वर्षं त्या घरात दुपारी दिवा लावावा लागणार नाही.